पान किती सरकले हे प्रत्येक ब्राउझरमध्ये अचूक कसे ओळखावे

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी रोजच्या सौद्यांचे भाव दाखवणारे पान तयार करायचे आहे, असे धरून चालू. पानाच्या सुरुवातीला राजापुरी हळदीचे लॉट, त्याखाली बेदाणा, मग गूळ आणि सोयाबीन अशी लांबलचक कोष्टके आहेत. वाचणारा खाली जाईल तसे वरच्या पट्टीवरचे मालाचे नाव बदलले पाहिजे, बरेच खाली गेल्यावर ‘वर जा’ हे बटण दिसले पाहिजे, तळाशी पोहोचण्याच्या सुमारास आदल्या दिवसाचे भाव आपोआप जोडले गेले पाहिजेत आणि एखाद्या लॉटचा तपशील पाहून मागे आल्यावर पान पुन्हा त्याच ओळीवर उघडले पाहिजे. या चारही गोष्टींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: पान या क्षणी वरून किती सरकले आहे?

हे पान पाहणारी यंत्रे मात्र एका जातीची नसतात. दुकानाच्या गादीशेजारी विंडोज ७ वर चालणारा जुना संगणक असतो आणि त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जाऊ शकत नाही. तासगाव किंवा कवठेमहांकाळचा बागायतदार स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर भाव पाहतो, तर त्याचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा तेच पान आयफोनवर उघडतो. ‘अमुक ब्राउझरमध्ये आकडा चुकतो’ अशी तक्रार आली की आपण लगेच ब्राउझरला दोष देतो. माझ्या मते आज त्या तक्रारीचे खरे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. जे सरकतच नाही, त्याला आपण ‘किती सरकलास’ असे विचारत असतो. म्हणून या लेखात आकडा वाचण्याआधी सरकणारे नेमके कोण आहे हे शोधण्याला पहिले स्थान दिले आहे.

कोडमधील नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहायची असतात. जोडनावातील पहिला शब्द बहुधा लहान अक्षरांत आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे असते; घटनांची नावे मात्र पूर्ण लहान अक्षरांत असतात आणि ऑब्झर्व्हरची नावे मोठ्या अक्षराने सुरू होतात. स्क्रोलटॉपमधील ‘टॉप’चे किंवा स्क्रोलवायमधील ‘वाय’चे अक्षर चुकून लहान पडले, तर जावास्क्रिप्ट चूक दाखवत नाही, केवळ ‘अनडिफाइन्ड’ परत करते.

पायरी १: सरकणारे कोण आहे ते शोधा

पान उघडून थोडे खाली सरकवा, डेव्हलपर टूल्समधील (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांतील) कन्सोल उघडा आणि विंडो.स्क्रोलवाय लिहून एंटर दाबा. शून्यापेक्षा मोठा आकडा आला, तर संपूर्ण पान ब्राउझरच्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूपोर्टमध्ये, सरकत आहे; यालाच पुढे ‘व्ह्यूपोर्ट सरकतो’ असे म्हटले आहे. डोळ्यांना पान खाली गेलेले दिसत असूनही आकडा शून्यच येत असेल, तर पानाच्या आतली एखादी चौकट सरकत आहे आणि बाहेरची खिडकी जागची हललेलीही नाही. पाण्याची पातळी विचारताना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची की कोयना धरणातली हे आधी सांगावे लागते, नाहीतर आकडा बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो. इथेही तसेच आहे.

ती चौकट कोणती हे हुडकण्यासाठी कन्सोलमध्ये पुढील ओळ चालवा आणि पान पुन्हा सरकवा:

डॉक्युमेंट.ॲडइव्हेंटलिसनर('स्क्रोल', ई => कन्सोल.लॉग(ई.टार्गेट), ट्रू)

शेवटचा ‘ट्रू’ इथे अत्यावश्यक आहे. एखाद्या चौकटीवर घडलेली स्क्रोल ही घटना बुडबुड्यासारखी वर चढत नाही, त्यामुळे डॉक्युमेंटवर किंवा विंडोवर साधा लिसनर (घटना घडताच चालणारे फंक्शन) लावून ती कधीच ऐकू येत नाही. वरून खाली उतरणाऱ्या टप्प्यात मात्र ती डॉक्युमेंटमधूनच जाते आणि ‘ट्रू’ लिहिल्याने आपण तिला त्या टप्प्यात पकडतो. छापून आलेले टार्गेट डॉक्युमेंट असेल तर व्ह्यूपोर्ट सरकत आहे; एखादा डिव्ह, मेन किंवा बॉडी असेल तर सरकणारा तोच.

असे का होते? डाव्या बाजूला मेनू आणि वर स्थिर पट्टी असलेल्या तयार टेम्प्लेटमध्ये बाहेरच्या चौकटीची उंची पडद्याएवढी बांधलेली असते आणि मजकुराच्या डिव्हला ओव्हरफ्लो-वाय ऑटो (मजकूर मावला नाही तर उभे सरकू देणारा सीएसएस नियम) दिलेले असते. ते जाणूनबुजून केलेले असते, त्यामुळे तिथे फक्त योग्य डिव्हचा स्क्रोलटॉप, म्हणजे ती चौकट वरून किती सरकली तो आकडा, वाचला की काम भागते.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. भावांचे कोष्टक फोनच्या पडद्यापेक्षा रुंद झाले की पान आडवे सरकू लागते, आणि त्यावर उपाय म्हणून एचटीएमएल आणि बॉडी या दोन्ही टॅगना उंची शंभर टक्के व ओव्हरफ्लो-एक्स हिडन दिले जाते. या दोहोंपैकी एकालाच ओव्हरफ्लो दिला असेल, तर ब्राउझर तो व्ह्यूपोर्टला लागू करतो आणि सारे सुरळीत चालते. दोघांनाही दिला की एचटीएमएलचा ओव्हरफ्लो व्ह्यूपोर्टकडे जातो आणि बॉडीचा बॉडीकडेच राहतो. आडवा ओव्हरफ्लो हिडन झाल्यामुळे बॉडीचा उभा ओव्हरफ्लो आपोआप ऑटो ठरतो आणि बॉडी ही स्वतंत्र सरकणारी चौकट बनते. मग विंडो.स्क्रोलवाय कायम शून्य राहते आणि विंडोवर लावलेला लिसनर गप्प बसतो.

खरा इलाज कोष्टकावर करावा. प्रत्येक रुंद कोष्टकाभोवती एक डिव्ह घालून त्यालाच आडवे सरकू द्यावे आणि एचटीएमएल-बॉडीवरचे दोन्ही नियम काढून टाकावेत. असे केल्यावर वरचा शोधक लिसनर कोष्टक आडवे ओढल्यावरही बोलू लागतो, म्हणून टार्गेट न तपासता निष्कर्ष काढू नये.

पायरी २: आकडा वाचा

व्ह्यूपोर्ट सरकत असेल, तर विंडो.पेजवायऑफसेट वाचावे. विंडो.स्क्रोलवाय हे त्याच आकड्याचे दुसरे नाव आहे. मी जुने नाव पसंत करतो, कारण २०११ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ९ लाही ते समजते, तर स्क्रोलवाय त्या घराण्यातल्या कोणत्याच आवृत्तीला कधी समजले नाही. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार काढून घेतल्यामुळे नव्या कामात या फरकाला फारसे महत्त्व उरलेले नाही, पण जुने नाव वापरण्यात तोटाही काही नाही.

जुन्या कोडमध्ये याऐवजी तीन प्रॉपर्टी ‘किंवा’च्या चिन्हाने जोडलेल्या दिसतात: आधी पेजवायऑफसेट, ते नसेल तर डॉक्युमेंटएलिमेंटचा स्क्रोलटॉप, तोही नसेल तर बॉडीचा स्क्रोलटॉप. त्या साखळीमागे इतिहास आहे. डॉकटाइप (पान कोणत्या नियमांनी दाखवायचे हे सांगणारी फाइलची पहिली ओळ) नसलेले पान ब्राउझर जुन्या, ढिल्या पद्धतीने दाखवतो आणि त्या पद्धतीत व्ह्यूपोर्टचे सरकणे बॉडीच्या नावे नोंदले जाते. डॉकटाइप असलेल्या पानात ते डॉक्युमेंटएलिमेंटच्या, म्हणजे एचटीएमएल टॅगच्या नावे नोंदले जाते. क्रोम आणि सफारी मात्र डॉकटाइप असूनही अनेक वर्षे बॉडीचेच नाव सांगत राहिले. क्रोमने ही रीत २०१७ मध्ये ६१ व्या आवृत्तीत बदलली आणि त्या दिवशी केवळ बॉडीवर विसंबलेली कितीतरी ‘वर जा’ बटणे निकामी झाली.

वाचण्यासाठी पेजवायऑफसेट पुरेसे असले, तरी स्क्रोलटॉप बदलायचा असेल किंवा पूर्ण उंची मोजायची असेल, तर प्रत्यक्ष एलिमेंट हातात लागते. त्यासाठी प्रमाणभूत उत्तर हे:

कॉन्स्ट मूळ = डॉक्युमेंट.स्क्रोलिंगएलिमेंट || डॉक्युमेंट.डॉक्युमेंटएलिमेंट

स्क्रोलिंगएलिमेंट क्रोममध्ये ४४ पासून, सफारीत ९ पासून आणि फायरफॉक्समध्ये ४८ पासून आहे. पानाची पद्धत पाहून ते स्वतःच बॉडी की एचटीएमएल हे ठरवते. जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या काळातील ‘एचटीएमएल, बॉडी’ अशी दोन्ही नावे देऊन पान हलवण्याची युक्ती अजून पुष्कळ ठिकाणी आढळते. ती चालते, पण ॲनिमेशन संपल्यावर चालणारे फंक्शन दोनदा चालते आणि त्यातून भावांची मागणीही सर्व्हरकडे दोनदा जाऊ शकते.

पानाला डॉकटाइप आहे की नाही याची शंका असल्यास डॉक्युमेंट.कॉम्पॅटमोड पाहावे. ‘बॅककॉम्पॅट’ असे उत्तर आले, तर पुढचे काही करण्याआधी फाइलच्या पहिल्या ओळीत डॉकटाइप लिहावा.

पायरी ३: तळ कधी आला?

सूत्र सोपे आहे: स्क्रोलहाइटमधून (पूर्ण मजकुराची उंची) क्लायंटहाइट (दिसणाऱ्या भागाची उंची) वजा केली की पान जास्तीत जास्त किती सरकू शकते ते मिळते. स्क्रोलटॉप त्या आकड्याएवढा झाला की तळ आला. इथेच बरोबरीच्या चिन्हावर विसंबलेला कोड फसतो, कारण स्क्रोलहाइट आणि क्लायंटहाइट हे पूर्णांकात येतात, तर स्क्रोलटॉप अपूर्णांकात असू शकतो.

विंडोजच्या पुष्कळ लॅपटॉपवर पडद्याचे स्केलिंग १२५ टक्के ठेवलेले असते. तिथे पडद्याचे २३०४ प्रत्यक्ष ठिपके म्हणजे सीएसएसचे १८४३.२ पिक्सेल. समजा, स्क्रोलहाइट २५६२ आली आणि क्लायंटहाइट ७१८, वजाबाकी १८४४. स्क्रोलटॉप मात्र १८४३.२ वर जाऊन थांबतो, कारण त्यापुढे सरकायला जागाच नसते. १८४३.२ आणि १८४४ कधीच सारखे होणार नाहीत, तळाला पोहोचल्याचे कोडला कळणार नाही आणि आदल्या दिवसाचे भाव येणार नाहीत. तुमच्या स्वतःच्या संगणकावर स्केलिंग १०० टक्के असेल तर हा दोष दिसणारही नाही. म्हणून बरोबरी न तपासता दोहोंतील फरक १ पिक्सेल किंवा त्याहून कमी आहे का, एवढेच तपासावे. पुढचा मजकूर आणण्यासाठी तर तळाची वाटच पाहू नये. ४००-५०० पिक्सेल शिल्लक असतानाच मागणी करावी, म्हणजे मंद नेटवर्कवरही वाचणाऱ्याला थांबावे लागत नाही. मागणी चालू असताना दुसरी जाऊ नये यासाठी एक खूण ठेवावी.

टक्केवारी काढताना शून्याने भागाकार होऊ देऊ नये. आवक कमी असेल त्या दिवशी चार-दोन लॉटचेच पान पडद्यात पूर्ण मावते, सरकण्याची कमाल शून्य होते आणि शून्याला शून्याने भागून आलेले ‘नॅन’ (‘आकडा नाही’ असे उत्तर) प्रगतिपट्टीच्या रुंदीत जाऊन बसते. कमाल शून्य असेल तर टक्केवारी थेट शंभर धरावी.

आयफोनवर पान टोकाला गेल्यावर रबरासारखे ताणले जाते. त्या क्षणी वरच्या टोकाला आकडा उणे होतो आणि खालच्या टोकाला कमालीच्याही पुढे जातो. खाली जाताना पट्टी लपवणे आणि वर येताना दाखवणे अशी सोय केली असेल, तर तळाशी ताण सुटताना आकडा कमी होतो, कोडला वाटते की वाचणारा वर निघाला आणि पट्टी उगाच डोकावते. त्यामुळे वाचलेला आकडा आधी शून्य आणि कमाल यांच्यामध्ये बांधून घ्यावा आणि मगच मागच्या आकड्याशी त्याची तुलना करावी.

दिसणाऱ्या भागाची उंची म्हणून विंडो.इनरहाइट घेण्याची सवय सोडावी. फोनवर ॲड्रेस बार लपला किंवा आला की ती बदलते आणि संगणकावर आडव्या स्क्रोलबारची जाडीही तिच्यात धरलेली असते. चिमटीने मोठे केलेल्या पानातील नेमका दिसणारा भाग हवा असेल, तर विंडो.व्हिज्युअलव्ह्यूपोर्टचा पेजटॉप पाहावा. भावांच्या पानाला त्याची गरज सहसा पडत नाही.

उंची पान उघडताना एकदा मोजून साठवून ठेवणे हे मराठी पानांच्या बाबतीत विशेष घातक आहे. देवनागरीचा वेबफॉन्ट उशिरा उतरतो, तोवर यंत्रातला फॉन्ट दिसत असतो आणि दोघांमध्ये मात्रा-वेलांट्यांसाठी सोडलेली जागा सारखी नसते. फॉन्ट बदलताच प्रत्येक ओळीची उंची थोडी बदलते आणि शंभर ओळींच्या कोष्टकात तो फरक शेकडो पिक्सेलवर जाऊ शकतो. आकडे हवे तेव्हा ताजे वाचावेत, किंवा मजकुराच्या चौकटीवर रिसाइझऑब्झर्व्हर (आकार बदलला की कळवणारी सोय) लावून उंची बदलेल तेव्हा पुन्हा मोजावी.

पायरी ४: ऐका, पण हळू हाताने

आजचे ब्राउझर स्क्रोलची घटना पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला साधारण एकदाच पाठवतात. म्हणून लिसनरमधले काम रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेममध्ये (पुढच्या फ्रेमच्या आधी काम चालवणारे फंक्शन) गुंडाळल्याने पूर्वीइतका फायदा होत नाही. त्याने नुकसान होत नाही, एवढेच. पॅसिव्ह ट्रू (आपण ही घटना रद्द करणार नाही, असे ब्राउझरला आधीच सांगणे) लिहिण्याचा सल्लाही स्क्रोलच्या बाबतीत गैरलागू आहे, कारण ही घटना मुळात रद्दच करता येत नाही. तो सल्ला टचमूव्ह आणि व्हील यांच्यासाठी आहे. दर २०० मिलिसेकंदांनी एकदाच काम करणारे थ्रॉटल लावले, तर वरच्या पट्टीवरचे नाव उशिरा बदलते आणि तो अडखळ डोळ्यांना जाणवतो.

स्वस्त फोनवर पान अडखळते ते वाचन आणि लेखन यांच्या सरमिसळीमुळे. एका ओळीची जागा मोजली, तिचा रंग व उंची बदलली, मग दुसऱ्या ओळीची जागा मोजली, असे केले की प्रत्येक मोजणीच्या वेळी ब्राउझरला पानाची मांडणी नव्याने करावी लागते. आधी सगळी मोजमापे घ्यावीत आणि त्यानंतरच सगळे बदल करावेत.

सरकणे थांबल्यावर काही करायचे असेल, तर स्क्रोलएंड ही स्वतंत्र घटना आहे. ती फायरफॉक्समध्ये १०९ पासून आणि क्रोममध्ये ११४ पासून आली, सफारीत त्यानंतर बरीच उशिरा. म्हणजे गादीशेजारच्या विंडोज ७ वरील क्रोमला ती कधीच मिळणार नाही. विंडोमध्ये ऑनस्क्रोलएंड आहे का हे तपासावे आणि नसेल तर प्रत्येक स्क्रोलला जुना टायमर रद्द करून १५० मिलिसेकंदांचा नवा लावावा. शेवटचा टायमर वाजला म्हणजे पान थांबले.

पायरी ५: आकडा खरोखर हवा आहे का?

मालाचे नाव बदलणे, ‘वर जा’ बटण दाखवणे आणि पुढचे भाव आणणे या तीन कामांना पिक्सेलचा आकडा लागतच नाही. तिथे खरा प्रश्न ‘अमुक वस्तू पडद्यावर आली का’ असा असतो आणि त्याचे उत्तर इंटरसेक्शनऑब्झर्व्हर देतो. तो क्रोममध्ये २०१६ पासून आणि सफारीत २०१९ पासून आहे, त्यामुळे वर सांगितलेल्या सगळ्या यंत्रांवर चालतो.

पानाच्या वरच्या भागात एक पिक्सेल उंचीचा रिकामा डिव्ह ठेवावा. तो पडद्याबाहेर गेला की बटण दाखवावे. तसाच एक डिव्ह शेवटच्या कोष्टकाखाली ठेवून त्यावर ४०० पिक्सेलचे रूटमार्जिन (पाहण्याच्या हद्दीभोवती धरलेली जादा जागा) द्यावे, म्हणजे तो दिसण्याआधीच खबर लागते. मालाच्या नावासाठी प्रत्येक कोष्टकाच्या शीर्षकावर नजर ठेवावी आणि रूटमार्जिनच्या वरच्या बाजूला स्थिर पट्टीच्या उंचीइतका उणे आकडा द्यावा. नजर ठेवायला सुरुवात करताच पहिली खबर लगेच येते, ती ‘बदल झाला’ अशी समजू नये. आतली चौकट सरकत असेल, तर रूट, म्हणजे पाहण्याची हद्द, म्हणून तीच चौकट द्यावी लागते. ते विसरले तर रूटमार्जिनचा काही उपयोग होत नाही आणि भाव नेमके तळाला टेकल्यावरच येतात.

प्रगतिपट्टीसाठी सीएसएसची ॲनिमेशन-टाइमलाइन (सरकण्याबरोबर ॲनिमेशन पुढे नेणारी सोय) वापरता येते, पण ती क्रोममध्ये ११५ पासूनची असल्याने केवळ शोभेसाठी ठेवावी.

पायरी ६: मागे आल्यावर तीच ओळ

मागे गेल्यावर ब्राउझर जुनी जागा स्वतःहून शोधतो. आपली कोष्टके मात्र सर्व्हरकडून नंतर येतात, त्या क्षणी पान आखूड असते आणि ब्राउझर असेल तेवढेच सरकवून थांबतो. म्हणून हिस्टरी.स्क्रोलरिस्टोरेशनला ‘मॅन्युअल’ करून हे काम आपण हाती घ्यावे.

साठवताना पिक्सेल साठवू नयेत. वाचणारा फोन आडवा करतो, अक्षर मोठे करतो किंवा दरम्यान बेदाण्याचे नवे लॉट चढतात, आणि १८४३ हा आकडा भलत्याच ओळीवर नेऊन सोडतो. पट्टीखाली दिसणाऱ्या पहिल्या ओळीचा आयडी आणि पडद्याच्या वरच्या कडेपासून तिचे अंतर, अशी जोडी सेशनस्टोरेजमध्ये (टॅब उघडा असेपर्यंत टिकणारी ब्राउझरची साठवण) ठेवावी. हे अंतर गेटबाउंडिंगक्लायंटरेक्टच्या टॉपमधून मिळते. साठवण्याची वेळ पेजहाइड (पान सोडून जाताना येणारी घटना) ही असावी; फोनवर बिफोरअनलोड या जुन्या घटनेचा भरवसा नाही.

परतताना कोष्टके आल्यावर आणि डॉक्युमेंट.फॉन्ट्स.रेडी पूर्ण झाल्यावर त्या ओळीचा ताजा टॉप मोजावा, त्यात पेजवायऑफसेट मिळवावा, साठवलेले अंतर वजा करावे आणि येईल त्या जागी विंडो.स्क्रोलटू करावे. पानाला स्क्रोल-बिहेवियर स्मूथ दिलेले असेल तर इथे बिहेवियर ‘इन्स्टंट’ स्पष्टपणे द्यावे, कारण स्मूथ असताना आज्ञा दिल्यावर लगेच वाचलेला आकडा अजून जुनाच असतो. तो आयडीच उरला नसेल, म्हणजे लॉट यादीतून निघाला असेल, तर त्या मालाच्या शीर्षकावर न्यावे.

दिवसभर नवे लॉट कोष्टकात वरच्या बाजूने जोडले जात असतील, तर आणखी एक फरक आड येतो. क्रोम ५६ पासून आणि फायरफॉक्स ६६ पासून वर मजकूर वाढल्यावर स्क्रोलटॉप स्वतःच जुळवून घेतात. सफारीने ही सोय अनेक वर्षे दिली नव्हती. सफारीसाठी आपण जुळवणी लिहिली की क्रोममध्ये ती दोनदा होण्याचा धोका असतो. त्या चौकटीला ओव्हरफ्लो-अँकर नन द्यावे आणि जुळवणी सगळीकडे आपणच करावी.

पायरी ७: तपासणी

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधील फोनचे चित्र रबराचा ताण दाखवत नाही, म्हणून खरा आयफोन एकदा तरी हातात घ्यावा. भारतात आयफोनवरचे सगळे ब्राउझर आतून सफारीच्याच वेबकिट इंजिनावर चालतात, त्यामुळे आयफोनवर क्रोम टाकून वेगळी तपासणी केल्याने नवे काही कळत नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर स्केलिंग १२५ आणि १५० टक्के करून तळ ओळखला जातो का ते पाहावे. अँड्रॉइड फोनवर अर्ध्या पानावर असताना फोन आडवा करावा आणि वरच्या पट्टीवरचे नाव हळदीवरून भलत्याच मालावर जात नाही ना, याची खात्री करावी. विंडोज ७ वाल्या संगणकावर स्क्रोलएंडच्या जागी टायमर चालतो का एवढे पाहिले तरी पुरते; तो संगणक हाताशी नसेल, तर नव्या क्रोममध्ये ऑनस्क्रोलएंडची तपासणी तात्पुरती उलटी करून तोच मार्ग चालवून पाहावा.